ओपन डोअर्सची ‘वर्ल्ड वॉच लिस्ट’: क्रमांक झाकून वाचली तर कामाची

ख्रिस्ती लोकांचा सगळ्यात जास्त छळ होणाऱ्या ५० देशांची ही यादी जानेवारीच्या मध्यात आली की ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी क्रमांक फिरतात. पहिला कोण, भारत कितवा, पाकिस्तान वर गेला की खाली. दोन दिवसांत विषय संपतो. वर्षभर समोर ठेवून प्रार्थना करावी असा हा कागद, पण तो दहावीच्या निकालासारखा वाचला जातो. म्हणून हे परीक्षण जरा सविस्तर. नवापूर, नंदुरबार, धुळे, अमळनेर, भुसावळ इथल्या साध्या मंडळीच्या आठवड्याच्या प्रार्थनासभेला ही यादी कितपत उपयोगी पडते, एवढाच निकष ठेवला आहे.

ओपन डोअर्स या ख्रिस्ती संस्थेचं काम डच मिशनरी ब्रदर अँड्र्यू यांच्या १९५५ सालच्या पोलंडच्या प्रवासातून उभं राहिलं. ते २०२२ मध्ये प्रभूकडे गेले. यादी दरवर्षी निघते आणि फुकट उतरवून घेता येते. तिच्यात जगाचा नकाशा, ५० देशांची गुणांसह यादी आणि देशवार माहिती असते. हिशेबाचं वर्ष मात्र १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असं चालतं. म्हणजे २०२५ च्या यादीत ऑक्टोबर २०२३ ते सप्टेंबर २०२४ मधल्या घटना आहेत. डिसेंबरात पेपरात वाचलेली बातमी जानेवारीच्या यादीत शोधली तर सापडत नाही, आणि लोकांना वाटतं ती दडपली. तसं नसतं, ती पुढच्या वर्षीच्या हिशेबात चढते. सभेत हे आधीच सांगून टाकावं, नाहीतर नसती शंका धरून लोक यादीच बाजूला ठेवतात.

आता गुणांचं. एकूण १००, आणि ते सहा रकान्यांत सारखे वाटलेले: खासगी जीवन, कुटुंब, समाज, राष्ट्र, मंडळी आणि हिंसा. प्रत्येक रकान्याला जास्तीत जास्त १६.७. एकूण ४१ ते ६० आले तर छळ तीव्र, ६१ ते ८० अतितीव्र, ८१ च्या पुढे पराकोटीचा. २०२५ मध्ये ८१ च्या पुढे १३ देश होते.

हा हिशेब कागदावर एकदा मांडून बघा. हिंसेचा रकाना सहापैकी फक्त एक. समजा एखाद्या देशात वर्षभरात एकाही विश्वासणाऱ्याला (ख्रिस्ती माणसाला) कोणी हात लावला नाही, एकही चर्च जळलं नाही, तरी बाकीचे पाच रकाने भरले तर बेरीज ८३ च्या वर जाते. म्हणजे रक्ताचा थेंब न सांडता देश पराकोटीच्या पट्टीत जाऊ शकतो. यादीची खरी ताकद इथे आहे. नुसता क्रमांक वाचणाऱ्याच्या हातून नेमकी हीच गोष्ट निसटते. यादी करणारे छळाचे दोन प्रकार धरतात. आपल्या बोलीत सांगायचं तर एक घाव घालणं आणि दुसरं गळा आवळणं. घावाची बातमी होते, आवळण्याची होत नाही.

मालदीवची ओळ घ्या. आपल्याकडे मालदीव म्हणजे हनिमूनच्या जाहिराती. यादीत तो वर्षानुवर्षं पहिल्या २० मध्ये असतो, आणि त्याचा हिंसेचा रकाना जवळजवळ रिकामा असतो. मग गुण येतात कुठून? २००८ च्या त्यांच्या राज्यघटनेच्या नवव्या कलमात लिहिलं आहे की मुस्लिम नसलेल्याला मालदीवचं नागरिक होता येणार नाही. त्या एका वाक्यानं राष्ट्राचा रकाना भरतो. नागरिकांसाठी चर्च नाही, तेव्हा मंडळीचा रकाना भरला. तिथली धिवेही भाषा बोलणारा माणूस प्रभूवर विश्वास ठेवू लागला तर घरात कोणाला सांगणार? लहानशा बेटावर सगळे सगळ्यांना ओळखतात. खासगी जीवन आणि कुटुंब हे दोन्ही रकाने भरले. मारहाण होत नाही, कारण मारहाण व्हायला कोणीतरी उघड व्हावं लागतं.

खानदेशात हे समजावायला वाळीत टाकणं हा शब्द पुरतो. भावकीनं पाणी तोडलं, लग्नाला बोलावणं बंद केलं, मयताला खांदा द्यायला कोणी आलं नाही, तर माणसाचं काय होतं हे इथल्या म्हाताऱ्यांना वेगळं सांगावं लागत नाही. आपल्याकडे त्याविरुद्ध २०१६ चा कायदा तरी आहे. सोमालियासारख्या ठिकाणी कुळ हेच पोलीस, कुळ हेच कोर्ट. तिथे कुटुंब आणि समाज हे रकाने वाचताना आपल्या भावकीची दहापट कल्पना करावी.

आता शेजारी पाकिस्तानची ओळ ठेवा, २०२५ मध्ये क्रमांक ८. चित्र अगदी उलटं. तिथे चर्च उघडी आहेत, लाहोरात बायबल सोसायटी राजरोस काम करते, नाताळ साजरा होतो. पण हिंसेचा रकाना काठोकाठ. १६ ऑगस्ट २०२३ ला फैसलाबाद जिल्ह्यातल्या जडांवाला इथे कुराणाच्या विटंबनेचा आरोप पसरला आणि एका दिवसात वीसहून जास्त चर्च आणि ख्रिस्ती वस्तीतली कितीतरी घरं जमावानं जाळली, मोडली (तारखेप्रमाणे ही घटना २०२४ च्या यादीच्या हिशेबातली). तिथल्या दंड संहितेचं २९५-ब कलम (कुराणाची विटंबना) जन्मठेपेचं, २९५-क (प्रेषितांचा अवमान) फाशीचं. आसिया बीबी या ख्रिस्ती बाईंना २९५-क खाली २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयानं त्यांना ३१ ऑक्टोबर २०१८ ला निर्दोष सोडलं. मधली आठ वर्षं तुरुंगात गेली. समाजाच्या रकान्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. गटारं साफ करायच्या नोकरीच्या जाहिरातीत ‘फक्त बिगरमुस्लिमांसाठी’ अशी अट तिथे छापली गेलेली आहे. मुलींना पळवून जबरदस्तीनं लग्न लावण्याची प्रकरणं येतात ती वेगळीच.

म्हणजे मालदीवसाठी आणि पाकिस्तानसाठी एकच प्रार्थना चालत नाही. एका ठिकाणी एकट्या पडलेल्या माणसाला दुसरा विश्वासणारा भेटावा हे मागायचं, तर दुसऱ्या ठिकाणी जमाव पांगावा, खटला लवकर उभा राहावा, वकील मिळावा हे मागायचं. ‘प्रभू, छळ होणाऱ्या सर्वांना सांभाळ’ या एका वाक्यात पन्नास देश उरकणं म्हणजे डॉक्टरांनी न तपासता सगळ्यांना एकच गोळी देणं.

इराण, २०२५ मध्ये नववा, वाचताना आणखी एक खूण लक्षात ठेवावी. ही यादी ख्रिस्ती लोकांचे चार गट धरते: परदेशातून आलेले, पिढ्यानपिढ्यांचे जुने ख्रिस्ती, नव्यानं विश्वासात आलेले आणि नव्या पंथांच्या मंडळ्या. इराणात आर्मेनियन आणि असिरियन लोकांना कायद्यानं मान्यता आहे, संसदेत त्यांच्या राखीव जागा आहेत. ते आपल्या भाषेत उपासना करतात. पण तीच उपासना फारसीत केली, एखादा मुस्लिम घरातला तरुण दारात उभा राहिला, की मामला बदलतो. घरमंडळीवर (घरात भरणाऱ्या उपासनेवर) धाड पडते आणि आरोप ‘राष्ट्रीय सुरक्षेविरुद्ध कृती’ असा लागतो. जामिनासाठी घराची कागदपत्रं गहाण पडतात. म्हणून तिथली सेवा आज बरीचशी उपग्रह वाहिन्या आणि मोबाइलवरून चालते. सॅट-७ या ख्रिस्ती संस्थेची फारसी वाहिनी २००६ पासून आहे. इराणसाठी विनंत्या लिहिताना कोणत्या गटासाठी मागतो आहोत हे लिहिलंच पाहिजे. ‘इराणात चर्च आहेत की’ असं कोणी म्हटलं तर उत्तर या चार गटांत आहे.

यादीत कच्चे दुवे आहेत, आणि ते माहीत असल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये.

सगळ्यात मोठा दुवा अफगाणिस्तानच्या क्रमांकात दिसतो. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं, २०२२ च्या यादीत अफगाणिस्तान पहिला आला आणि बरीच वर्षं वर असलेला उत्तर कोरिया दुसरा झाला. २०२३ ला तोच अफगाणिस्तान नवव्या जागी. बऱ्याच ठिकाणी लोकांनी आभार मानले. आभार मानण्यासारखं काही घडलं नव्हतं. विश्वासणारे पळून गेले किंवा इतके खोल लपले की मारायला कोणी समोर राहिलं नाही, त्यामुळे हिंसेचे गुण उतरले. बाकीचे रकाने तसेच भरलेले होते. कळलेल्या घटनाच हिंसेच्या रकान्यात मोजता येतात. जिथून बातमीच बाहेर येत नाही तिथली शांतता या पद्धतीत पूर्णपणे पकडता येत नाही. तेव्हा क्रमांक खाली आला की आधी कोणता रकाना उतरला ते बघायचं.

दुसरं, नायजेरिया. २०२५ च्या यादीप्रमाणे विश्वासामुळे जगभरात मारल्या गेलेल्यांचा आकडा ४,४७६, त्यातले ३,१०० एकट्या नायजेरियातले. पण तिथे चराऊ जमिनीचं भांडण, टोळ्यांची लूट आणि धर्म हे एकमेकांत गुंतलेले आहेत. कोणता मृत्यू कशात धरायचा यावर जाणकारांत मतभेद आहेत. आकडा सांगताना ‘यादीप्रमाणे’ हा शब्द गाळू नका.

तिसरं, यादी ५० वर थांबते. ४१ गुणांच्या पुढचे आणखी देश बाहेर राहतात आणि लोकांना वाटतं तिथे सगळं ठीक.

भारत २०२५ मध्ये ११वा होता आणि सभेत त्यावर बोलणं निघणारच. त्याला स्वतंत्र आठवडा द्या, दर आठवड्याला त्यावर घसरू नका. सहा रकाने इथेही तितक्याच प्रामाणिकपणे वाचावेत. आपल्याकडे शास्त्र (बायबल) दुकानात मिळतं, उपासना उघड होते, दाद मागायला कोर्ट आहे. आपल्या ओळीत हिंसेचा रकाना जड आहे. सोमालियाशी तुलना करून दोघांवरही अन्याय होतो.

वापरण्याची रीत. नकाशा ए-३ आकारात रंगीतच छापून घ्या. काळीपांढरी झेरॉक्स काढली की पराकोटीचा आणि अतितीव्र हे दोन्ही रंग एकसारखे करडे दिसतात आणि नकाशा निकामी होतो. आठवड्याला एक देश धरला तर ५० देशांना ५० आठवडे लागतात, उरलेले दोन पवित्र सप्ताह आणि नाताळासाठी सोडा. जानेवारीत चक्र सुरू करू नका. नंदुरबारकडचे बरेच लोक दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेले असतात, ते होळीला परततात. होळीनंतर सुरू केलं तर पहिले, सगळ्यात जड दहा देश भरलेल्या सभेत येतात.

एका देशाला वीस मिनिटं पुरे. पहिल्या तीन मिनिटांत नकाशावर देश दाखवायचा, मुंबईहून कोणत्या दिशेला हे सांगायचं. पुढची सात मिनिटं सहा रकाने, क्रमांक न सांगता. उरलेली दहा मिनिटं प्रार्थना, तीन नेमक्या विनंत्यांवर. तीनपेक्षा जास्त विनंत्या लक्षात राहत नाहीत, शेवटी लोक पुन्हा मोघम वाक्यावर येतात.

भाषेचं काम आधी करावं लागतं. देशांचे सविस्तर अहवाल इंग्रजीत आहेत आणि त्यांची भाषा अभ्यासकाची आहे. मशीननं केलेलं मराठी वाचून दाखवू नका. त्यात घरमंडळीचं ‘घर चर्च’ होतं आणि नव्यानं विश्वासात आलेल्यांना ‘धर्मांतरित’ म्हटलं जातं, जो शब्द आपल्याकडे वर्तमानपत्रातून वेगळाच अर्थ घेऊन येतो. मावची, पावरी किंवा अहिराणी बोलणाऱ्या सभेत दुभाष्याला कागद आदल्या दिवशी द्या. गावात पहिला प्रश्न राज्यघटनेचा येत नाही, ‘तठे पोरेसना काय हाल शेतस?’ (तिथल्या पोरांचे काय हाल आहेत?) हा येतो. त्याचं उत्तर कुटुंबाच्या रकान्यात असतं: मुलाच्या दाखल्यावर कोणता धर्म लिहिला जातो, शाळेत काय शिकावं लागतं, आईबापाचा विश्वास उघड झाला तर मूल कोणाच्या ताब्यात जातं. तो रकाना आधी वाचा.

दोन गोष्टींची काळजी घ्या. एक, कोणाचंही नाव, गाव, फोटो ग्रुपवर टाकू नका, मग ते कुठूनही आलेलं असो. यादी स्वतः नावं बदलून छापते, त्याला कारण आहे. आखातात नर्स किंवा कामगार म्हणून गेलेल्या आपल्याच मुलामुलींबद्दल हे जास्त लागू आहे. दुबईत आणि दोह्यात परवानगीची चर्च आहेत, सौदीत एकही नाही, तिथे चार भिंतींआडची प्रार्थना चालवून घेतली जाते इतकंच. तिथल्या मुलीनं पाठवलेला सभेचा फोटो इथून पुढे ढकलला तर त्रास तिला होतो.

दोन, ही यादी वाचून भुसावळच्या किंवा धुळ्याच्या शेजारच्या मोहल्ल्याकडे बघण्याची नजर बदलत असेल, तर वाचन चुकलं आहे. यादीत कम्युनिस्ट उत्तर कोरिया पहिला आहे आणि बहुसंख्य ख्रिस्ती असलेले मेक्सिको, कोलंबिया, निकाराग्वाही आहेत. मुस्लिम देशांतले नवे विश्वासणारे स्वतः मुस्लिम घरांतून आलेले आहेत. ज्या आईपासून तो मुलगा आपलं शास्त्र लपवतो, तिचंही नाव विनंतीत असलं पाहिजे.

नवी यादी आली तरी जुनी फेकू नका. होळीपर्यंत जुनंच चक्र चालू ठेवा, मग भिंतीवर दोन्ही शेजारी लावा आणि त्या आठवड्याच्या देशाचे सहाही रकाने पेन्सिलीनं जोडा. कुठे वाढलं, कुठे उतरलं ते लिहा. क्रमांकाचा रकाना सरळ कागदाची पट्टी चिकटवून झाकला तरी चालेल.