रागसंगीत ‘ऐकायला’ शिकवणारा ऑनलाइन कोर्स : काही महिने वापरल्यानंतर

गाणं शिकायचं नाही, पण मैफलीत काय चाललंय ते कळावं, एवढीच ज्यांची अपेक्षा आहे त्यांच्यासाठी असे कोर्स असतात. या कोर्सचं स्वरूप नेहमीचंच : रेकॉर्ड केलेले धडे, प्रत्येक धड्याखाली ऐकायचे तुकडे, छोटी प्रश्नावली आणि अधूनमधून एक थेट वर्ग. तालाच्या धड्यांत पैसे वसूल होतात. थाटांचे, म्हणजे स्वरांवरून पाडलेल्या रागांच्या गटांचे, धडे मात्र सुरुवातीला खुशाल सोडून द्यावेत.

थाट नकोत, कारण कानाला त्यांचा आधार होत नाही. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी केलेली दहा थाटांची वर्गवारी परीक्षा देणाऱ्याच्या कामाची आहे. पण पुढे याच कोर्समध्ये भूप आणि देशकार हे राग येतात. दोन्हींत स्वर तेच पाच, सा रे ग प ध. तरी भूप कल्याण थाटात आणि देशकार बिलावल थाटात. दोन्हींत मध्यम-निषाद (म, नी) नाहीतच, म्हटल्यावर नुसत्या स्वरांवरून थाट ठरणार कसा? फरक चालीत आहे. भूप गंधाराभोवती (ग) फिरतो, खालच्या धैवतापर्यंत (ध) जाऊन ‘सा रे ग’ असा वर येतो. देशकार धैवतावर उभा राहतो, वरच्या अंगाने बोलतो आणि रिषभाला (रे) फारसा थारा देत नाही. हा धडा मात्र उत्तम जमलाय. शिक्षक आधी पेटीवर नुसते पाच स्वर वाजवतात, मग तेच स्वर दोन्ही चालींत गाऊन दाखवतात. किशोरी आमोणकरांचा भूप यानंतर ऐकला, तर गंधारावर पुन्हा पुन्हा येणं किती वेगवेगळ्या वाटांनी होतं ते लक्षात येतं.

आता ताल. बहुतेक ठिकाणी त्रितालाच्या सोळा मात्रा, १, ५, १३ वर टाळी आणि ९ वर काल (टाळी न देता मोजायची जागा) एवढं सांगून विषय संपतो. इथे डग्गा, म्हणजे तबल्याच्या जोडीतला खालच्या घुमाऱ्याचा भाग, ऐकायला लावतात, आणि तेच महत्त्वाचं आहे. ‘धा तिं तिं ता’ मधल्या नवव्या मात्रेला काल असला तरी बोल ‘धा’च आहे, म्हणजे डग्गा वाजतोच. डग्गा गप्प होतो तो दहाव्या मात्रेपासून. तेराव्या मात्रेच्या ‘ता’लाही तो गप्पच असतो आणि चौदाव्या मात्रेच्या ‘धिं’ला परत घुमतो. तो घुमला की ती मात्रा धरून चौथी मात्रा म्हणजे सम, तालाच्या नव्या फेरीची पहिली मात्रा. हे एकदा कानात बसलं की बोटं मोजत बसावं लागत नाही.

विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, बारा मात्रांच्या एकतालात हीच युक्ती थोडी बदलून चालते. ‘तिरकिट’ चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर येतं. पहिल्यानंतर ‘तू ना’, तिथे डग्गा नाही. दुसऱ्यानंतर ‘धी ना’, तिथे डग्गा घुमतो आणि लगेच सम. गवई मुखडा (बंदिशीची समेवर येणारी सुरुवातीची ओळ) धरतो तोही साधारण याच सुमारास, त्यामुळे कान आणि अंदाज दोन्ही एकमेकांना दुरुस्त करतात.

पण हे सगळं फोनच्या स्पीकरवर अजिबात जमणार नाही. छोट्या स्पीकरमधून खालचे आवाज नीट येतच नाहीत. डग्गा जातो, तंबोऱ्याची खर्जाची तार जाते, उरतो तो तबल्याचा टणटण. मग नवशिक्याला वाटतं आपल्यालाच ताल कळत नाही. साधे वायरवाले इअरफोन किंवा घरातला जुना टेपडेकचा स्पीकरही चालेल. थेट वर्गात तंबोरा मध्येच गायब होतो, त्याचं कारण निराळं. सतत वाजणारा एकसुरी आवाज म्हणजे पंख्याची घरघर समजून व्हिडिओ कॉलचं ॲप तो दाबतं. शिक्षकांनी आपल्या बाजूला ‘ओरिजिनल साउंड’ची सोय चालू केली की तंबोरा परत येतो. हे वर्ग सुरू होतानाच सांगावं, नाहीतर निम्मा वेळ त्यातच जातो. आणि सगळ्यांनी मिळून टाळ्या देण्याचा आग्रह तर सोडूनच द्यावा. आवाज प्रत्येकाकडे मागेपुढे पोहोचतो, एकत्र समेवर येणं शक्यच नाही.

सर्वांत मोठी तक्रार तुकड्यांबद्दल. बहुतेक तुकडे अर्ध्या मिनिटाचे. विलंबित एकतालाचं एक आवर्तनच, म्हणजे एक फेरीच, सहज चाळीस-पन्नास सेकंद चालतं! बढत, म्हणजे राग हळूहळू उलगडत नेणं, म्हणजे काय हे अशा तुकड्यात दिसणार कुठून? शीर्षकावरून पूर्ण ध्वनिमुद्रण शोधावं. नाहीतर सुरुवातीला ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्या घ्याव्यात. तीन-साडेतीन मिनिटांत पूर्ण मांडणी असते, त्यामुळे एकच तबकडी लागोपाठ चार-पाच वेळा ऐकता येते : एकदा फक्त ठेका, एकदा फक्त मुखडा, एकदा फक्त ताना. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या यासाठी फार सोयीच्या.

घराण्यांचा धडा चरित्रांत अडकलाय. कोण कुठे जन्मले, कोणाचे शिष्य, हे विकिपीडियावरही मिळतं. त्याऐवजी एकच राग भीमसेन जोशींचा आणि मल्लिकार्जुन मन्सूरांचा पाठोपाठ ऐकवला असता, तर एक एक स्वर घेऊन केलेली बढत आणि लयीला धरून विणलेली वाक्यं यांतला फरक दहा मिनिटांत कळला असता. प्रश्नावली तर थाटांची नावंच विचारते. एकाही प्रश्नात ध्वनिमुद्रण ऐकवून ‘सम कुठे आली?’ असं विचारलेलं नाही.

वर्षाचं शुल्क एकदम भरू नये. तिमाहीचा पर्याय आहे. तालाचे धडे, यमन आणि भूप-देशकार तेवढ्यात निवांत होतात, आणि धडे उतरवून घेता येत नाहीत म्हणून टिपणं हातानेच काढावीत.