कायमेराएक्स: सात महिन्यांच्या वापरानंतर, आणि 'वेट' या एका आज्ञेविषयी

मागील आठवड्यात धडगाव परिसरातील एका शाळेत सिकलसेल या रक्ताच्या आजारावरची माझी चित्रफीत लावली (रेणूंच्या त्रिमितीय रचना दाखवणाऱ्या कायमेराएक्स या संगणक-प्रणालीत केलेली) आणि ती पहिल्याच क्षणी फसली. आधी अख्खे हिमोग्लोबिन सावकाश फिरावे, मग बाकीचा रेणू फिका पडून त्याच्या चार साखळ्यांपैकी बीटा साखळीतले सहावे अमिनो आम्ल केशरी व्हावे, असा क्रम मी ठरवला होता. पडदा उजळला तेव्हा केशरी ठिपका आधीपासूनच समोर होता आणि रेणू नुसताच फिरत राहिला. आदल्या रात्री वीज आल्यावर घाईने पुन्हा रेकॉर्ड केलेली ही फीत मी शेवटपर्यंत पाहिली नव्हती, ही चूक माझी. पण मूळ दोष 'वेट' या आज्ञेचा आहे, म्हणून त्याविषयीच अधिक लिहितो.

'टर्न वाय 2 180' अशी आज्ञा दिली की रेणू चित्रफितीच्या प्रत्येक चौकटीत (फ्रेममध्ये) 2 अंश, असा 180 चौकटींत एक पूर्ण फेरा घेतो. 25 चौकटींचा एक सेकंद धरला तर हे 7.2 सेकंद होतात. मात्र फेरा सुरू होताच प्रणाली पुढची ओळ वाचून मोकळी होते. फेरा पुरा होईपर्यंत थांबायचे असेल तर खाली 'वेट 180' स्वतंत्रपणे लिहावे लागते, आणि ते राहिले तरी कोणतीही सूचना मिळत नाही. माझ्या आज्ञांच्या फाइलमध्ये अशा अकरा जागा आहेत. एक सुटली की सगळा क्रम कोलमडतो. गेल्या सात महिन्यांत याच एका शब्दापायी माझ्या किती संध्याकाळी गेल्या, ते मोजणे मी सोडून दिले आहे.

सुरुवातीचे माझे मत याहून वाईट होते. मऊ सावल्यांची प्रकाशयोजना लावली की माझा जुना लॅपटॉप गुदमरत असे. नंदुरबारच्या एका दुरुस्ती दुकानात तो दाखवला, तर तपासणीचे पैसे घेऊन वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेला नवा लॅपटॉप घ्या, असा सल्ला मिळाला. मी घेतला नाही. साध्या प्रकाशात काम करून सावल्या केवळ शेवटच्या रेकॉर्डिंगला लावायच्या, एवढ्यानेच अडचण सुटली, आणि अव्यावसायिक वापरासाठी फुकट असलेल्या प्रणालीला मी विनाकारण दोष देत होतो, हेही उमगले. वर्गाच्या खिडक्यांतून ऊन येत असेल तर काळी पार्श्वभूमी पार धुऊन निघते. पांढरी पार्श्वभूमी आणि रेणूभोवती बारीक काळी कडा, ही जोडी मागच्या बाकापर्यंत स्पष्ट दिसते.

सर्वांत समाधान दिले ते 2एचबीएस या रचनेने. प्रोटीन डेटा बँक या प्रथिनांच्या रचनांच्या संग्रहातल्या या फाइलमध्ये सिकल हिमोग्लोबिनचे दोन रेणू शेजारी-शेजारी आहेत. एका रेणूत 574 अमिनो आम्ले, आणि त्यांतली बदललेली फक्त दोन, प्रत्येक बीटा साखळीत एक: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. सगळे अणू दाखवले तर कोणालाच काही कळत नाही. म्हणून मी साखळ्या फिक्या राखाडी फितींच्या केल्या, अणू फक्त त्या व्हॅलिनचे आणि शेजारच्या रेणूतील फिनाइलअॅलनिन 85 व ल्युसिन 88 यांचेच ठेवले, आणि कॅमेरा तिथे नेला. पाणी टाळणारे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत बसलेले दिसले, तेव्हा वर्ग शांत झाला. सातपुड्याच्या या पट्ट्यात ज्या आजाराचे नाव घरोघरी माहीत आहे, त्याचे मूळ मुलांनी प्रथमच पाहिले.

मग एका मुलीने विचारले, "सर, हे चिकटले की परत सुटतात का?" ऑक्सिजन मिळाला की सुटतात, मात्र पुन्हा पुन्हा चिकटून-सुटून तांबड्या पेशीचे आवरण खराब होते. हे दाखवायला ऑक्सिजन नसलेली आणि असलेली अशा दोन रचना घेऊन, एकीतून दुसरीत होणारा बदल दाखवणारी 'मॉर्फ' ही आज्ञा वापरत आहे. त्यातली मधली हालचाल संगणकाने दोन टोकांमध्ये भरलेली असते, प्रत्यक्ष मोजलेली नसते, आणि ते मी चित्रफितीवर मराठीत लिहिणार आहे. ऑक्सिजन असलेली 1एचएचओ ही फाइल उघडल्यावर चारपैकी दोनच साखळ्या दिसल्या तेव्हा मी पुन्हा प्रणालीवर चिडलो होतो. पण ही रचना स्फटिकावरून मोजलेली आहे, आणि स्फटिकाच्या सममितीमुळे फाइलमध्ये अर्धाच रेणू नोंदलेला असतो आणि 'सिम' आज्ञेने उरलेला अर्धा मिळतो.

पाचपैकी चार तारे देतो. कापलेला एक तारा 'वेट'चा आहे.