वापरलेली ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी घेताना: फॉरेस्टर की सीआर-व्ही?

कुटुंबासाठी वापरलेली ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी शोधू लागले की निवड पुष्कळदा सुबारू फॉरेस्टर आणि होंडा सीआर-व्ही या दोन नावांपाशी येऊन ठेपते. आकार आणि आसनसंख्या पाहता दोन्ही गाड्या जवळपास सारख्याच असल्या, तरी चारही चाकांना ताकद पोहोचवण्याची त्यांची रीत मुळात वेगळी आहे, आणि गाडी जुनी झाल्यावर मालकांना येणारे अनुभव बऱ्याच अंशी त्या फरकातून निघतात.

फॉरेस्टरमध्ये इंजिनाची ताकद सतत चारही चाकांकडे जात असते. सीआर-व्ही मात्र एरवी मुख्यतः पुढच्या चाकांवर चालते आणि गरज पडली तरच मागच्या चाकांना कामाला लावते. २०१२ च्या मॉडेलच्या आधी हे काम मागच्या डिफरन्शियलमधील (दोन्ही बाजूंच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीतील) दोन पंप करीत असत, त्यामुळे पुढची चाके प्रत्यक्ष घसरल्यावरच मागची चाके जागी होत. २०१२ च्या मॉडेलपासून इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले आणि हा विलंब पुष्कळ कमी झाला. बर्फाळ किंवा चिखलाच्या चढावर फॉरेस्टरचे मालक जो निर्धास्तपणा सांगतात तो खरा आहे. तिसऱ्या आणि चौथ्या पिढीच्या अनेक फॉरेस्टरना असलेला सुमारे २२० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्सही (गाडीचा तळ आणि जमीन यांतले अंतर) तेथे उपयोगी पडतो.

या निर्धास्तपणाची किंमत टायरच्या रूपाने मोजावी लागते. सुबारूच्या सूचनेनुसार चारही टायरच्या परिघात सुमारे ६.४ मिलिमीटरपेक्षा अधिक फरक असू नये, कारण तसा फरक असला की पुढच्या आणि मागच्या चाकांना जोडणारा क्लच कोरड्या रस्त्यावरही अखंड ओढला जातो. एक टायर दुरुस्तीपलीकडे फाटला आणि उरलेले तीन अर्धे झिजलेले असले, तर अनेकदा चारही नवे घ्यावे लागतात. सीआर-व्हीलाही सारखेच टायर हवेत, परंतु तिथे क्लच सतत जोडलेला नसल्याने छोट्या फरकाचा जाच कमी होतो. म्हणून फॉरेस्टर पाहायला गेल्यावर बॉनेट उघडण्याआधी चारही टायरची कंपनी, माप आणि नक्षीची खोली तपासावी. चार टायर चार तऱ्हांचे असतील, तर बाकीची निगाही तशीच राखली गेली असावी, असे मी धरून चालतो.

इंजिनाच्या बाबतीत फॉरेस्टरचे मॉडेल वर्ष फार महत्त्वाचे ठरते. सुबारूच्या जुन्या, ईजे मालिकेच्या २.५ लिटर इंजिनात हेड गॅस्केटमधून (इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधल्या सीलमधून) तेल किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) गळण्याची तक्रार सर्वज्ञात आहे. शिवाय त्यात व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर राखणारा टायमिंग बेल्ट असल्याने तो वेळेवर बदलल्याची पावती मागावीच, कारण बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात. २०११ च्या मॉडेलपासून बिनटर्बो फॉरेस्टरला बेल्टऐवजी चेन असलेले, नव्या एफबी मालिकेचे इंजिन मिळाले, मात्र त्याच्या सुरुवातीच्या वर्षांत तेल जास्त जळण्याच्या तक्रारी आल्या आणि अमेरिकेत त्यावर सामूहिक दावाही झाला. सीआर-व्हीची साधी २.४ लिटर इंजिने तुलनेने निरुपद्रवी आहेत. २०१५ च्या मॉडेलमध्ये सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आल्यावर गाडी उभी असताना केबिन थरथरते, अशी तक्रार पुष्कळांनी केली. २०१७ आणि २०१८ च्या १.५ लिटर टर्बोमध्ये, विशेषतः थंड हवेत आणि छोट्या फेऱ्यांमध्ये, पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये मिसळण्याचा दोष आढळला.

त्यामुळे एकच डिपस्टिक (इंजिन ऑइलची पातळी मोजायची पट्टी) या दोन गाड्यांत उलट गोष्टी सांगते. फॉरेस्टरमध्ये तेलाची पातळी खालच्या खुणेपाशी आहे का ते पाहावे. टर्बो सीआर-व्हीमध्ये ती वरच्या खुणेच्याही वर गेली आहे का ते पाहावे आणि तेलाला पेट्रोलचा वास येतो का तेही पाहावे. नंतर मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी अगदी सावकाश गोल फिरवावी. सीआर-व्हीच्या मागून कण्हल्यासारखा आवाज आला, तर बहुधा डिफरन्शियलचे तेल जुने झालेले असते. होंडाचे त्यासाठीचे खास तेल बदलले की हा आवाज बहुतेक वेळा थांबतो, मात्र त्या जागी साधे गिअर ऑइल घातलेले चालत नाही. फॉरेस्टर त्याच वळणावर अडखळत, धक्के देत फिरली, तर विषम टायर किंवा झिजलेला क्लच हे कारण असू शकते, आणि क्लचची दुरुस्ती स्वस्त नसते.

घरातल्या रोजच्या वापरात सीआर-व्ही सरस वाटते: मागची दारे चांगली रुंद उघडतात आणि २०१२ नंतरच्या गाडीत मागचे आसन एकाच ओढीत दुमडते. काचा मोठ्या असल्याने चालकाला चहूबाजूंचे स्पष्ट दिसते, हा फॉरेस्टरचा गुण मला तितकाच मोलाचा वाटतो.

वर्षातले कित्येक आठवडे रस्ता खरोखरच निसरडा असेल, तर एफबी इंजिनाची, सर्व्हिसच्या नोंदी पूर्ण असलेली फॉरेस्टर घ्यावी. निसरडा रस्ता क्वचितच लागत असेल, तर २०१२ ते २०१४ ची सीआर-व्ही मी आधी निवडीन, कारण त्या वर्षांत सुधारित ऑल-व्हील-ड्राइव्ह, साधे इंजिन आणि पाच गिअरचा नेहमीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हे तिन्ही एकत्र मिळतात. अशी गाडी मिळाली, तर व्यवहार पक्का करण्यापूर्वी मागच्या डिफरन्शियलचे तेल शेवटचे कधी बदलले, हे कागदावर पाहावे; नोंद नसेल, तर तो खर्च किमतीतून वजा करून मागावा.