समता की स्वातंत्र्य? कुळकायदा बघा एकदा

खरी समता शक्य आहे का हा वाद हवेत घालण्यात मजा नाही, म्हणून मी कुळकायद्यावर येतो, म्हणजे दुसऱ्याची जमीन भाड्याने कसणाऱ्या कुळांसाठीचा कायदा. 1948 चा कायदा, आणि मग 1 एप्रिल 1957, कृषक दिन, त्या दिवसापासून कोकण, पश्चिम महाराष्ट्रात कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं मालक मानलं गेलं (फुकट नाही हं, हप्त्याने किंमत भरायची होती, हे लोक विसरतात).

स्वातंत्र्याच्या बाजूने बघितलं तर जमीनमालकाचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, माझी जमीन मी कुणाला द्यायची ते सरकार कोण ठरवणार, आणि तेव्हा तर मालमत्तेचा हक्क मूलभूत होता, तो 1978 च्या 44व्या घटनादुरुस्तीने काढला. पण कुळाला कसलं स्वातंत्र्य होतं हो? उद्या जमिनीवरून हाकललं तर खायचं काय ही भीती असताना खंड (जमिनीचं भाडं) जास्त होतोय म्हणायची पण सोय नाही, मग ते स्वातंत्र्य फक्त एकाचंच झालं ना.

समतेचं पण सगळं गोड नाही. कूळ मालक झालं, शेतमजुराचं काय? तो खंडकरी पण नव्हता, त्याला या वाटपात काहीच नाही.

तरी निवडायचंच तर मी कुळकायद्याच्या बाजूने, अर्धी का होईना समता मिळाली. फक्त त्याच कायद्यामुळे आजही शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय सहसा शेतजमीन घेता येत नाही, हे मात्र मला अजून खटकतं.