पुढची काच बदलली अन् ऑटो ब्रेक गेला (८ महिने, ११,००० किमी)

गेवराईजवळ खडीच्या टिप्परातून दगड उडाला अन् पुढची काच तडकली. काच इन्शुरन्समधून बसली, पण गाडी घेऊन निघालो तर मीटरवर पिवळा दिवा, ऑटो ब्रेक (पुढं धडक दिसली की गाडी स्वतःच लावते तो) बंद. सर्व्हिसवाला म्हणतो, काका, आरशामागचा कॅमेरा त्यासाठी रस्ता बघतो, काच बदलली की तो कॅलिब्रेट करावा, म्हणजे पुन्हा नीट जुळवावा लागतो, त्याचे ७,५०० वेगळे. अरे मग काच काढायच्या आधी सांगायला काय झालं होतं?

टॉप मॉडेल मी पोराच्या हट्टापायी घेतलं. पावसाळ्यात तर वैतागलोच होतो, शेताच्या रस्त्यानं आलं की बंपरातल्या, पुढचं अंतर मोजणाऱ्या रडारवर काळा चिखल बसायचा, लगेच सेन्सर झाकल्याचा मेसेज, की उतरा अन् फडक्यानं पुसा. बीडात जालना रोडवर रिक्षा आडवी घुसली की गाडी किंचाळायली.

पण माझा खरा राग हॅझर्डवर. पन्नासच्या वर असताना करकचून ब्रेक दाबला की चारी इंडिकेटर आपोआप फडफडतात, गाडी थांबली तरी चालूच, पुन्हा पळवा नाहीतर बटन दाबा. आपल्याकडं चौकात सरळ जायचंय म्हणून हॅझर्ड लावणारी जनता, वरातीतबी तेच, त्याला बघून कोण थांबणार? पोराला म्हणलं बंद करून आण, तर म्हणला तसा पर्यायच नाही.

जानेवारीत मत फिरलं. धुळे-सोलापूर हायवे, रात्रीचे ९, पुढं उसाच्या जोड ट्रॉल्या, मागं ना लाईट ना रेडियम. ब्रेक आधी मी दाबला का गाडीनं लावला यावर घरात अजून वाद आहे, बायको म्हणते गाडीनं. पाठीमागं ट्रक होता, तो बी टेकता टेकता थांबला. ड्रायव्हर उतरून आला, वाटलं आता शिव्या खाव्या लागतेत, तर म्हणला, ‘दादा, तुमचे चारी लाईट फडफडले म्हणून दाबला, आधी मला वाटलं नुसतं हळू करायलात.’

अन् गंमत बघा, आता ऑटो ब्रेक बंद आहे तरी हॅझर्ड चालूच आहेत. त्याला कॅमेरा लागत नाही, ब्रेक किती जोरात लागला एवढंच बघतंय ते. कालच बायपासला कुत्रं आडवं आलं तेव्हा फडफडले.

सर्व्हिसवाल्याला ७,५०० वरून ५,७०० वर आणलंय, इन्शुरन्सलाबी मेल टाकलाय की हे काचेच्याच बिलात धरा. तुम्ही काच बदलणार असाल तर आधी कॅलिब्रेशन धरून एस्टिमेट लिहून घ्या, तोंडी नको. शनिवारी लातूरला लग्न आहे, कारखाने अजून चालू आहेत, बायको म्हणायली उजेडातच निघू.