ट्रेलर ओढणाऱ्या डिझेल पिकअपचे टायर: खोल नक्षीपेक्षा घट्ट नक्षी बरी

ज्या डिझेल पिकअपमागे वर्षातले बरेच दिवस ट्रेलर जोडलेला असतो, तिच्यासाठी टायर घेताना बहुतेक जण नक्षी किती खोल आहे, कंपनीने किती मैलांची हमी दिली आहे आणि टायर गाडीवर कसा शोभतो एवढेच पाहतात. अशा गाडीवर टायर किती टिकेल याचा अंदाज या तिन्हींपैकी एकाही गोष्टीवरून नीट येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. माझा कल सुरुवातीलाच सांगतो: ज्याची धाव मुख्यतः डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर आहे आणि ज्याच्या मागे वजन आहे, त्याने सलग पट्ट्यांच्या घट्ट नक्षीचा, व्यावसायिक वापरासाठी बनवलेला एलटी, म्हणजे हलक्या ट्रकसाठीचा (लाइट ट्रक) टायर घ्यावा. सुट्या, मोकळ्या ठोकळ्यांच्या नक्षीचा ऑल-टेरेन टायर खरोखरच कच्च्या रस्त्याची गरज असेल तरच घ्यावा.

या मताचे मूळ इंजिनात आहे. अमेरिकेतल्या रॅम पिकअपच्या 6.7 लिटर कमिन्स इंजिनाने 2019 च्या मॉडेलमध्ये 1000 पाउंड-फूट टॉर्कचा टप्पा गाठला, तर फोर्डच्या 6.7 लिटर पॉवर स्ट्रोकची हाय आउटपुट आवृत्ती 2023 च्या मॉडेलपासून 1200 पाउंड-फूट, म्हणजे सुमारे 1627 न्यूटन-मीटर टॉर्क देते. हा जोर शेवटी रस्त्यावर उतरतो तो मागच्या टायरांच्या तळहाताएवढ्या ठशांतून. यांतील बहुसंख्य गाड्यांची चारचाकी ओढ कोरड्या पक्क्या रस्त्यावर बंदच ठेवायची असते, त्यामुळे पुढचे टायर फक्त दिशा देतात आणि ओढण्याचे सगळे काम मागच्यांवर पडते.

एक साधा हिशेब करून पाहावा. गाडी आणि ट्रेलर मिळून 10 टन वजन 6 टक्के चढावर चढवायचे असेल, तर हवेचा विरोध सोडूनही सुमारे 7000 न्यूटन इतका जोर मागच्या चाकांना लावावा लागतो. तीच गाडी रिकामी, सपाट रस्त्यावर, ताशी 90 किलोमीटरने चालली असेल तर हवेचा विरोध धरूनही हजार-बाराशे न्यूटन पुरतात. म्हणजे तेच टायर चढावर सहापट जोराने रस्ता मागे ढकलत असतात. उतारावरही त्यांची सुटका नाही, कारण डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या धुराची वाट अडवून वेग कमी करणारा) गाडी आवरतो तोसुद्धा याच चाकांमार्फत. ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर नीट जुळवलेला नसेल आणि ट्रेलर स्वतःचा वाटा उचलत नसेल, तर तो भारही येथेच येतो.

टायर झिजतो तो घसरण्याने. चाक गरगर फिरून धूर निघतो ती घसरण येथे अभिप्रेत नाही. रस्त्याला टेकलेल्या रबराचा मागचा भाग प्रत्येक फेऱ्यात किंचित सरकतो, ती घसरण. जोर वाढला की ही सरक वाढते, आणि झीज जोराच्या प्रमाणात न वाढता त्याहून वेगाने वाढते. म्हणून नक्षीचा ठोकळा जोराखाली किती वाकतो याला एवढे महत्त्व आहे. उंच, सुटा, चारही बाजूंनी खाचा असलेला ठोकळा टॉर्क आला की मागे लवतो, सुटताना झटक्याने सरळ होतो आणि त्या झटक्यात त्याची एक कड घासली जाते. काही हजार किलोमीटरनंतर टायरवरून हात फिरवला तर एका दिशेने हात गुळगुळीत जातो आणि उलट दिशेने करवतीचे दाते लागतात, ते या कारणाने. पुढे तेच दाते गुणगुणू लागतात आणि चालक बेअरिंग गेले म्हणून गाडी गॅरेजला नेतो. खोल नक्षीत रबर जास्त असते हे खरे, पण ते वाकण्यातच खर्च होत असेल तर ती खोली आयुष्यात जमा होत नाही.

या कसोटीवर पाहिले, तर फायरस्टोन ट्रान्सफोर्स एचटी 2 हा टायर दिसायला अगदी साधा, पण कामाचा आहे. नक्षी सलग पट्ट्यांची, खाचा मोजक्या, बांधणी रोज वजन वाहणाऱ्या गाड्यांसाठी. त्याच्या आधीचा ट्रान्सफोर्स एचटी रॅमच्या जड पिकअपवर कारखान्यातूनच बसून येत असे. टॉर्कखाली पट्टी सहजी लवत नाही, कारण तिला पुढून-मागून रबराचाच आधार असतो. मर्यादा तितकीच स्पष्ट आहे: ओले गवत, चिखल किंवा साचलेला बर्फ आला की पट्टीला धरायला काही सापडत नाही, आणि नौका पाण्यात सोडण्याच्या शेवाळलेल्या उतारावर रिकाम्या मागच्या चाकांची त्रेधा उडते. ज्यांचा ट्रेलर नेहमी पक्क्या जागी उभा राहतो त्यांनी याच्यापलीकडे पाहण्याचे कारण नाही.

मिशेलिन अजिलिस क्रॉसक्लायमेट याला मी मधली आणि अनेकांसाठी सर्वांत शहाणी निवड मानतो. हाही मालवाहू व्हॅन आणि ट्रकसाठी बनवलेला एलटी टायर आहे, बाजूच्या भिंतीवर फुटपाथच्या घासणीपासून वाचवणाऱ्या जाड रबरी कडा आहेत, आणि तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचे चिन्ह त्याच्यावर आहे. हे चिन्ह बर्फावरच्या ओढीच्या ठरावीक चाचणीनंतरच लावता येते. नुसती एम अधिक एस (चिखल आणि बर्फ) ही अक्षरे नक्षीच्या आकारावरून लिहिली जातात, त्यांना तेवढे वजन देऊ नये. हिवाळ्यातही ट्रेलर ओढावा लागत असेल आणि दोन वेगळे संच ठेवायचे नसतील, तर मी हाच घेईन.

बीएफगुडरिच ऑल-टेरेन टी/ए केओ 2 आणि 2024 मध्ये त्याच्या जागी आलेला केओ 3 यांचा लौकिक योग्यच आहे. बाजूची भिंत दणकट आहे, खडीच्या रस्त्यावर टवके कमी निघतात आणि हिमकणाचे चिन्ह येथेही आहे. शेतातून, खाणीच्या रस्त्यावरून किंवा बांधकामाच्या जागेतून ट्रेलर काढावा लागणाऱ्याला पट्ट्यांचा टायर परवडणार नाही, कारण खडीने त्याचे लचके तोडले तर टिकाऊपणाचा सगळा हिशेब कोलमडतो. पण महिन्यातून एकदा कच्च्या वाटेने जाणाऱ्याने उरलेले एकोणतीस दिवस महामार्गावर हे मोकळे ठोकळे झिजवावेत, यात मला शहाणपण दिसत नाही. चिखलासाठीचे मड-टेरेन टायर ओढणाऱ्या गाडीच्या टिकाऊपणाच्या चर्चेत येतच नाहीत.

नक्षीच्या आधी मात्र भार पाहिला पाहिजे, कारण भारात कमी पडणारा टायर तापतो, आणि तापलेले रबर झिजतेही लवकर व टायरच्या आतल्या पोलादी पट्ट्यांपासून सुटतेही लवकर. टायरच्या भिंतीवर ‘लोड रेंज ई’ लिहिलेले असते, त्याला दहा प्लायच्या बरोबरीचा म्हणतात. आत खरोखर दहा थर नसतात, ते जुन्या सुती टायरांच्या ताकदीशी लावलेले माप आहे. पण ‘ई’ हे अक्षर पाहून थांबणे धोक्याचे आहे. एलटी 275/65आर20 या मापाच्या लोड रेंज ई टायरचा भारांक एकेरी चाकासाठी 126 असतो, म्हणजे 80 पीएसआय हवेवर 1700 किलो. त्याच रिमवर बसणारा, दिसायला कितीतरी भारदस्त असा 35 गुणिले 12.50आर20 हा लोड रेंज ईचा टायर बहुधा 121 भारांकाचा असतो: 65 पीएसआयवर 1450 किलो. मोठा, रुंद टायर बसवला आणि दर चाकामागे अडीचशे किलो क्षमता गमावली, असे होते. शिवाय टायरची उंची वाढली की गिअरिंग बदलते. 275/70आर18 वरून 35 इंची टायरवर गेले तर 3.73 चा फायनल ड्राइव्ह (आसातील गिअरचे गुणोत्तर) 3.53 असल्यासारखा वागू लागतो आणि चढावर गिअरबॉक्स तापू लागतो. ओढणाऱ्या गाडीवर मूळ माप सोडू नये, यावर मी ठाम आहे.

भाराचा अंदाजही अवघड नाही. गाडीमागच्या गोलावर जोडलेल्या साध्या ट्रेलरच्या वजनाचा 10 ते 15 टक्के भाग हिचवर, म्हणजे गाडीच्या जोडणीवर, यावा लागतो, तर पिकअपच्या हौद्यात टेकणाऱ्या फिफ्थ व्हील ट्रेलरचा 15 ते 25 टक्के. 6000 किलोच्या फिफ्थ व्हीलचे 20 टक्के धरले तर मागच्या आसावर 1200 किलो वाढले. रिकाम्या गाडीचे तिथले वजन काट्यावर मोजून घ्यावे, त्यात हे मिळवावे, हौद्यातल्या सामानाचे वजन धरावे आणि बेरीज दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीत दिलेल्या आसाच्या मर्यादेशी ताडून पाहावी. पी अक्षराने सुरू होणारा मोटारीचा टायर कोणी सुचवला तर नम्रपणे नाकारावा. हलक्या ट्रकवर लावताना त्याची लिहिलेली क्षमता 1.10 ने भागून घ्यावी लागते.

हमीच्या मैलांबद्दल थोडक्यात. अमेरिकेत मोटारींच्या टायरांवर झिजेचा जो अंक असतो, तो टेक्सासमधील सॅन अँजेलोजवळच्या सुमारे 400 मैलांच्या ठरावीक मार्गावर 7200 मैल चालवून, प्रमाण टायरशी तुलना करून दिला जातो. एलटी टायरांना तो नियम लागूच नाही, म्हणून त्यांच्यावर असा अंक सहसा सापडत नाही. उरते कंपनीची हमी. तिच्यात टायर नियमाने फिरवल्याची नोंद मागतात, वेडीवाकडी झीज वगळतात आणि कित्येकदा व्यावसायिक वापरही वगळतात. एकाच नावाच्या टायरला मोटारीच्या मापात एक हमी आणि एलटी मापात तिच्याहून कमी, असेही आढळते. त्यामुळे जाहिरातीतला आकडा आपल्या मापाचा आहे का, हे विचारून घ्यावे.

टायर चांगला निवडूनही मी एक संच हवेपायी वाया घालवला आहे. भिंतीवर 80 पीएसआय लिहिले आहे म्हणून गाडी रिकामी असतानाही मागे तेवढीच हवा ठेवली. टायर मधोमध खाल्ले गेले आणि कडांना भरपूर नक्षी असतानाच मध्यभागी गोटा झाला. तो आकडा लिहिलेला कमाल भार पेलण्यासाठी लागणाऱ्या हवेचा असतो. ट्रेलर नसताना दरवाजावरील पट्टीत आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या हवेवर यावे, ट्रेलर जोडण्याआधी थंड टायरात ती वाढवावी. हवा तापमानानेही बदलते: 80 पीएसआयच्या टायरात 10 अंश सेल्सिअसचा फरक पडला की साधारण 3 पीएसआय इकडेतिकडे होतात. वाटेत टायर तापून आकडा वाढला म्हणून हवा सोडणे ही मोठी चूक, कारण थंड झाल्यावर तोच टायर कमी हवेचा ठरतो.

हवेच्या सूचक दिव्यावर सर्वांनी विसंबू नये, हेही येथेच सांगायला हवे. अमेरिकेत 2000 सालच्या टायरसुरक्षेच्या ट्रेड (TREAD) कायद्यातून आलेली टायरदाब सूचकाची सक्ती 10,000 पाउंडांपर्यंतच्या एकूण वजनाच्या गाड्यांनाच आहे. एक टनी वर्गातील अनेक डिझेल पिकअप या मर्यादेच्या वर जातात. कंपनीने सूचक दिला असेल तर उत्तमच, पण चांगला गेज गाडीत असावाच.

मागच्यांची ओढ आणि पुढच्यांवर असलेले जड इंजिन यांमुळे दोन्ही आस वेगवेगळ्या तऱ्हेने टायर खातात: मागचे मधोमध आणि दात्यांनी, पुढचे वळणांवर खांद्यांनी. दर 8000 ते 10,000 किलोमीटरला टायर पुढे-मागे करणे हाच यावरचा स्वस्त उपाय आहे. हिचवर भार आल्यावर गाडीचे नाक उचलले जाते, तेव्हा अलाइनमेंट करणाऱ्याला गाडी बहुधा ट्रेलरसह धावते हे सांगून ठेवावे. मागे जोडचाके असलेल्या गाडीत आतल्या टायरची हवा तपासायला हात पोहोचत नाही, म्हणून तोच टायर सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. जोडीतला एक टायर कमी हवेचा किंवा जास्त झिजलेला असेल तर दुसऱ्याला दोघांचा भार वाहावा लागतो आणि लहान व्यासाचा टायर रस्त्यावर सतत घासत जातो. व्हॉल्व्हला लांब नळी बसवून घेणे आणि जोडीत सारख्या झिजेचेच टायर ठेवणे, एवढे तरी करावे.

नव्या एलटी टायरची नक्षी सुमारे 15/32 इंच असते आणि अमेरिकेतील बहुतेक राज्यांत कायद्याची किमान मर्यादा 2/32 इंच आहे. म्हणजे वापरायला 13/32 मिळतात. पहिल्या 8000 किलोमीटरनंतर मागच्या टायरची आतली, मधली आणि बाहेरची अशा तीन खाचा मोजून लिहून ठेवाव्यात. तिन्ही आकडे सारखे उतरत असतील तर हवा आणि भार जुळले आहेत. मधला लवकर उतरत असेल तर हवा कमी करायची आहे. वर्षातून दोनच महिने ट्रेलर ओढणाऱ्याने मात्र नक्षीआधी भिंतीवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पाहावेत. पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा सांगतात, नंतरचे दोन वर्ष. अशा गाडीचे टायर पुष्कळदा नक्षी शाबूत असतानाच वयाने संपतात, म्हणून पाच वर्षांनंतर दर वर्षी ते जाणकाराकडून तपासून घ्यावेत, आणि नवा संच घेतानाही दुकानात वर्षभर पडून राहिलेला नाही ना, हे बसवण्याआधी वाचून पाहावे.