डेक्कन क्वीनचा पास, नऊ महिने: घाट दिसला किती, ऐकला किती

पुणेकराला डेक्कन क्वीनबद्दल विचारा. पहिलं वाक्य डायनिंग कारवर असतं, दुसरं चीज टोस्टवर. तिसरं वाक्य बहुधा नसतंच, कारण बोलणारा वर्षातून दोनदा या गाडीने जातो. मी जुलै 2023 ते मार्च 2024 असे नऊ महिने, आठवड्याचे चार दिवस, या गाडीने पुणे-मुंबई-पुणे केलं. तीन-तीन महिन्यांचे तीन पास. सुट्ट्या, आजारपणं, लग्नकार्यं वजा जाता सव्वाशेच्या आसपास फेऱ्या होतात. त्या जोरावर हे लिहिते आहे.

आधी पार्श्वभूमी. ऑफिसने फोर्टात बदली केली. मुलीची बारावी, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे मुंबईत खोली घेऊन राहणं शक्य नव्हतं. साहेबांशी बोलून वेळ ठरवून घेतली: पावणेअकराला हजर, चार पन्नासला बाहेर, उरलेलं काम रात्री घरून. ही सवलत मिळणार नसेल तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही. सकाळी सव्वासातला पुणे सोडून साडेदहाच्या आत सीएसएमटी, आणि संध्याकाळी पाच दहाला परत. हे पाच दहा कुणासाठीही थांबत नाहीत. माझी गाडी तीनदा चुकली. तिन्ही वेळा दादरहून बस, द्रुतगती मार्गावर ट्रकांची रांग, घरी पोचायला अकरा.

पैशाचं एका वाक्यात सांगते: एसी बसने रोज गेले असते तर पासाएवढे पैसे आठवडाभरात संपले असते.

सगळे विचारतात ती डायनिंग कार. नऊ महिन्यांत मी तिथे अकरा वेळा गेले. आकडा पक्का आहे, कारण बिलं पर्सच्या मागच्या कप्प्यात साठली होती. जून 2022 मध्ये गाडीला नवे एलएचबी (जर्मन बनावटीचे) डबे लागले, तेव्हा डायनिंग कारही नवी आली. जुनीत 32 जणांची सोय होती, नवीत 40 जणांची. मोठ्या खिडक्या, टेबलं, खुर्च्या, सगळं चकचकीत. चीज टोस्ट चांगला असतो. ऑम्लेट त्याहून चांगलं. पण रोजच्या माणसाचं नातं डब्याशी असतं. डबा सांगायचा तर पोळी-भाजीचा, पहाटे पाचला भरलेला. कल्याणनंतर तो उघडला की शेजारणीची शेंगदाण्याची चटणी आपल्या झाकणात आणि आपलं लिंबाचं लोणचं तिच्या झाकणात. डायनिंग कारमध्ये मी गेले ती रुसून, किंवा पगाराच्या दिवशी, किंवा कुणी पाहुणा बरोबर असला तर.

एकदा मात्र मुद्दाम गेले. 1983 साली बाबांनी आम्हाला राणीच्या बागेसाठी याच गाडीने नेलं होतं. तेव्हा डबे पांढऱ्या-निळ्या रंगाचे. बाबांनी एकच चीज टोस्ट मागवला आणि सुरीने त्याचे तीन तुकडे केले, मला, धाकट्या भावाला आणि आईला. स्वतः नुसता चहा घेतला आणि सांगितलं, ‘‘माझं पोट बिघडलंय.’’ दुपारी बागेत त्यांनी दोन प्लेट भेळ खाल्ली. ते आठवून मी अख्खा टोस्ट एकटीने खाल्ला आणि मग दिवसभर उगाच अपराधी वाटत राहिलं.

आता डब्यांविषयी. जुन्या डब्यांची आठवण काढून हळहळणारे बरेच भेटतात. मला त्यांच्यात बसायचं नाही. एलएचबी डबे अपघातात सहसा एकमेकांवर चढत नाहीत, आणि घाटातून रोज जाणाऱ्या बाईला तेवढं पुरेसं आहे. गाडी सुटताना आणि थांबताना जोडणीतून एक हिसका बसतो, हे खरं. पहिल्या आठवड्यात माझा चहा दोनदा सांडला. नंतर हात आपोआप शिकला. सुटण्याआधी कप उचलून धरायचा, बास. आमच्या दुसऱ्या वर्गाच्या खिडक्या उघडतात. एसीवाल्यांना आणि काचेच्या छताच्या व्हिस्टाडोममध्ये बसणाऱ्यांना (तो डबा 15 ऑगस्ट 2021 पासून लागतो) ती सोय नाही. घाटात खिडकी उघडणं म्हणजे काय, ते पुढे सांगतेच.

खरा विषय घाट आहे. कर्जत ते लोणावळा अठ्ठावीस किलोमीटर. चढ सदतीस फुटांना एक फूट, म्हणजे रेल्वेच्या हिशेबात भिंतच. संध्याकाळी कर्जतला गाडीच्या मागे बँकर लागतात, म्हणजे ढकलणारी इंजिनं. पुढचं ओढतं, मागची रेटतात. कर्जतला तेवढा वेळ वड्याला मिळतो. (वडा बरा असतो. लोक म्हणतात तेवढा नाही. हे लिहिल्याबद्दल शिव्या खायची तयारी आहे.) मग पळसदरी, जांब्रुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल, खंडाळा. मध्ये एकामागून एक बोगदे.

पास काढताना मनात होतं की रोज दोनदा घाट बघायला मिळेल. प्रत्यक्षात काय होतं ते कुठल्याही जाहिरातीत सांगत नाहीत. सकाळी गाडी सव्वाआठनंतर घाट उतरते, बाराही महिने लख्ख उजेड असतो, आणि त्या वेळी सगळा डबा झोपलेला असतो. चारला उठलेल्या बायका. माना खिडकीच्या गजाला टेकलेल्या, तोंडावर ओढणी, बाहेर धबधबा. मी पहिले दहा दिवस डोळे ताणून जागी राहिले. अकराव्या दिवशी लोणावळा सुटलं एवढं आठवतं, पुढचं एकदम कल्याण.

संध्याकाळी सगळे जागे असतात, पण गाडी घाटात शिरते साडेसहानंतर. जुलैत सूर्य सव्वासातच्या पुढे मावळतो, त्यामुळे पहिले दोन महिने मला सगळं दिसलं: ढगात बुडालेली दरी, रुळाशेजारी कातळावरून धावणारं पाणी, बोगद्याच्या तोंडाशी खिडकीतून आत येणारा गार, ओला, शेवाळी वासाचा झोत. ऑक्टोबरपासून अंधार पुढे सरकू लागला. डिसेंबरात तर कर्जत येण्याआधीच रात्र. म्हणजे वर्षातले निम्मे महिने हा घाट दिसतो आणि निम्मे नुसता ऐकू येतो.

ऐकायला मला एका काकूंनी शिकवलं. निवृत्तीला सात महिने राहिले होते, आणि बावीस वर्षं त्या याच गाडीने जात होत्या. स्वेटर विणताना मान वर न करता म्हणायच्या, ‘‘आला हो मंकी हिल, पिशव्या आवरा.’’ बोगदा लांब असला की आवाज आधी दाटतो, मग कानावर बसतो. आखूड असला की टाळी वाजल्यासारखा येऊन जातो. पुलावर खालून पोकळ घुमतं. कापलेल्या डोंगरामधून जाताना चाकांचा आवाज दोन्ही बाजूंनी परत येतो, आणि दरी उघडली की तोच आवाज एकदम हरवतो. हा हरवण्याचा क्षण मला अजून झोपेत ऐकू येतो. जानेवारीपर्यंत मला पाच-सहा जागा डोळे मिटून ओळखता यायला लागल्या. काकूंना सगळ्याच यायच्या.

हा रस्ता कुणी केला, याची आमच्या डब्यात कुणाला कल्पना नव्हती. घाटातलं काम 1863 साली पुरं झालं. काम चालू असताना कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल या इंग्रज ठेकेदाराकडे आलं. तो 1859 मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको अ‍ॅलिस मागे हटली नाही. तिने ठेका स्वतःच्या नावावर घेतला, माहीतगार माणसं नेमली आणि काम चालू ठेवलं. हजारो मजूर, कॉलरा, सह्याद्रीचा पाऊस. हे मी एका संध्याकाळी सांगितलं तर पलीकडची नर्सताई म्हणाली, ‘‘मग तिला तरी पासात सूट मिळाली होती का?’’ याच घाटात पूर्वी एके ठिकाणी गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून उलट्या दिशेने चढावं लागायचं. 1929 मध्ये नवा मार्ग काढून ती खटपट संपवली, आणि लगेच पुढच्या वर्षी ही गाडी आली. 1 जून 1930. विजेची इंजिनं, सात-सात डब्यांच्या दोन गाड्या, एक चंदेरी आणि लाल, दुसरी गडद निळी आणि सोनेरी. सांगाडे इंग्लंडचे, वरचे डबे माटुंग्याच्या कारखान्यातले.

ती गाडी आमच्यासाठी नव्हतीच. फक्त पहिला आणि दुसरा वर्ग. मुंबईच्या पैसेवाल्यांनी शनिवार-रविवारी पुण्याला यावं, रेस बघावी, हवा खावी, यासाठी ती काढली. तिसरा वर्ग लागला 1955 च्या जूनमध्ये, आणि 1974 मध्ये त्यालाच दुसरा म्हणू लागले. म्हणजे माझे आजोबा पंचवीस वर्षं या गाडीला नुसते स्टेशनातून बघत होते. बाबांनी तिच्यात टोस्टचे तीन तुकडे केले. मी तिच्यात पोळी-भाजी खाऊन घोरले. मला ही प्रगती वाटते.

आजोबांची गाडी वेगळीच होती. आजी पंढरपूरची, त्यामुळे लहानपणी कुर्डुवाडीला उतरून बार्शी लाइटच्या छोट्या गाडीत बसायचं. अडीच फुटी रूळ, डबा असा की समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांना. वेग एवढा की भाऊ म्हणायचा, उतरून लघवी करून परत चढता येईल. आईने त्याला कधी करून बघू दिलं नाही. 1897 मध्ये बार्शीपर्यंत सुरू झालेली ती लाइन पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. आता सगळीकडे ब्रॉडगेज आहे. डेक्कन क्वीन वाचली, कारण ती बदलत राहिली. बार्शी लाइटही बदलली, पण तिचं नाव मागे उरलं नाही.

गैरसोयींचं लिहायलाच हवं. पासधारक बायकांच्या जागांवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं आणि तरी प्रत्येक जागा कुणाची तरी असते. पहिल्याच आठवड्यात खिडकीशी बसले तर एकीने पिशवी माझ्या मांडीवर ठेवून गोड आवाजात विचारलं, ‘‘नवीन का?’’ पुढे तीन आठवडे मी मधल्या जागेवर. चौथ्या आठवड्यात काकूंनी मला आपल्या शेजारी ओढलं आणि प्रश्न संपला. नव्याने पास काढणारणीने पहिला महिना अपमानाचा धरूनच चालावं. खंडेनवमीच्या दिवशी डब्याला तोरण लावलं, हार घातला, पेढे वाटले. माझ्या मांडीवर पिशवी ठेवणारीनेच मला कुंकू लावलं. तेव्हापासून आमचं बरं आहे.

शरीराचं म्हणाल तर पाठ बोलते. साडेतीन वर्षांत न वाढलेलं वजन नऊ महिन्यांत चार किलो वाढलं. पावसाळ्यात घाटात पाणी किंवा दरड आली की गाडी जिथे असेल तिथे उभी, आणि कुणावर चिडावं तेही कळत नाही. असे दोन दिवस आले. एकदा घरी पोचायला मध्यरात्र झाली. मुलगी जागी होती, वरण-भात गरम करून वाढला, आणि म्हणाली, ‘‘तू ना, राणीच्या नोकरीत आहेस.’’

घ्यावा का पास? मुंबईत राहण्याची सोय असेल तर राहा. आठवड्यातून दोनच दिवस जायचं असेल तर आरक्षण करा, खिडकी मिळेल आणि डायनिंग कारची नवलाईही टिकेल. रोजच जायचं असेल, आणि साहेब पाच दहा मान्य करत असतील, तर मी हो म्हणेन. जूनमध्ये सुरू करा म्हणजे निदान तीन महिने उजेडात घाट मिळेल. घाट कुठल्या बाजूने चांगला दिसतो यावर आमच्या डब्यात दोन तट होते, त्यात मी पडणार नाही.

फेब्रुवारीत काकू निवृत्त झाल्या. मार्चअखेर माझी बदली परत पुण्याला झाली. शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी कर्जत सुटलं, बँकरांचा रेटा लागला, आणि मी सवयीने डोळे मिटून बसले. शेजारणीने कोपर मारलं. दिवस पुन्हा मोठा झाला होता. पळसदरी गेलं तरी बाहेर तांबूस उजेड होता. पहिल्या बोगद्यातून बाहेर आलो तेव्हाही थोडा शिल्लक होता. तिसऱ्यानंतर नव्हता. सहा महिन्यांनी तो परत घाटात शिरत होता आणि माझ्या पासावर चार दिवस उरले होते.